पाहुण्यांची भाषा

"तेका सांग, तुळशीर चड्डी सुकत घालूक ती काय दोरी आसा? देव आसा तो. विचार तेका, तुमच्या देवळात अशे कपडे सुकयतत काय?"

भाग्यलक्ष्मी शेटगांवकर समुद्रकाठच्या मांद्र्यातल्या आपल्या अंगणातून बोलत होती आणि तिची मुलगी सिद्धी, रशियातल्या पेर्म नावाच्या शहरात, वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात भाताचा टोप हलवीत ते ऐकत होती. खिडकीच्या काचेला आतल्या बाजूनेही बर्फ धरले होते. फोन खांद्याने कानाशी दाबून सिद्धी म्हणाली, "आई, तेच्याकडे दी फोन."

तो म्हणजे ओलेग. भाग्यलक्ष्मी पाहुण्यांना ज्या खोल्या देत असे, त्यांपैकी मागची खोली या साठ वर्षे ओलांडलेल्या रशियन गृहस्थाने आणि त्याच्या बायकोने, व्हेराने, हिवाळ्यापुरती घेतली होती. त्याने फोन घेताच सिद्धीचा आवाज बदलला. तो हलका झाला आणि त्यात हसू आले.

"नमस्कार, ओलेग," ती रशियनमध्ये म्हणाली. "आई म्हणते, घरामागच्या तारेवर ऊन जास्त वेळ असतं. कपडे तिथं लवकर वाळतील. शिवाय ते रोप जरा नाजूक आहे."

"किती काळजी करते तुझी आई," ओलेग म्हणाला. "व्हेरा, काढ ते तिथून, मागे घालायचंय. आणि मुली, तू आमच्या थंडीत, आम्ही तुझ्या उन्हात. ही अदलाबदल आमच्याच फायद्याची झाली."

फोन परत आईकडे गेला. "बघ, एका शब्दात समाजलो. वयर माका हात जोडल्यान. तुझ्या बाबांक सांगतंय, चेडू शिकला तां फुकट नाय गेला. थंयच्या परीक्षेत कशी आसस?"

"बरी."

"म्हणजे पयली?"

"पयल्या तिनांत," सिद्धी म्हणाली आणि भात लागतो आहे असे सांगून तिने फोन ठेवला.

शेजारी कांदा चिरत बसलेल्या अश्विनीने मान वर केली नाही. ती डिचोलीकडच्या मये गावची. दोघी एकाच खोलीत राहत. "पयल्या तिनांत," ती म्हणाली, "खालसून मोजलां तर खरांच."

"तू गप."

"आनी तुळशीचां नाजूक रोप केलंस. बायो, तू उद्या तेच्या घराक आग लागली तर सांगशीत, आज जरा उबदार आसा म्हणून."

"पाहुणो तो. तेका वायट दिसात असां कित्याक सांगूचां?"

या प्रश्नाला मांद्र्यात उत्तर नाही, कारण तो तेथे प्रश्नच नाही. रशियन येणे याचा त्या किनाऱ्यावर एक निश्चित अर्थ आहे आणि तो अपुरा असला तरी खोटा म्हणता येणार नाही. समुद्र आज शांत आहे, दुचाकीत पेट्रोल भरलेले आहे, पोदेर पाव घेऊन सकाळी येईल, मासळी आत्ताच होडीतून उतरली आहे: एवढे ज्याला अडखळल्याशिवाय सांगता येते त्याला रशियन येते. सिद्धीला हे सारे शाळकरी वयातच येऊ लागले. तिने ती भाषा शिकली नव्हती. ओसरीवर बसून, पाहुण्यांच्या मुलांशी भांडून आणि त्यांच्या आज्यांच्या मांडीवर लोळून ती तिला लागली होती. उच्चार तर असा लागला होता की, डोळे मिटून ऐकणाऱ्याला ती व्होल्गाकाठची वाटावी. मात्र तिच्या संग्रहात एक उणीव होती, आणि ती गावात कधी उणीव म्हणून कोणाच्या ध्यानात येणे शक्यच नव्हते. पाहुण्याला रुचणार नाही असे एकही वाक्य तीत नव्हते.

तेव्हा तिला रशियन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, यात गावाला नवल वाटले नाही. देवळाच्या मंडपात शाल आणि श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला. तिचे वडील गोकुळदास, जे मोपाच्या विमानतळावर टॅक्सी लावतात, ते त्या दिवशी भाडी सोडून इस्त्रीच्या सदऱ्यात पहिल्या रांगेत बसले. किनाऱ्यावर खानावळ चालविणारा सदाशिव हा भाग्यलक्ष्मीचा भाऊ, तो ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "आमची भाची थंय शिकूक जायना, थंयच्यांक शिकवूक जाता." मंडळी हसली. सिद्धीही हसली. एक वर्ष पूर्वतयारीचे, मग पदवी, मग दूतावासात किंवा मोठ्या कंपनीत दुभाषी: हा मार्ग तेव्हा सर्वांना इतका सरळ दिसत होता की, त्यावर चालण्याचे कष्ट कोणी गृहीत धरले नाहीत.

चूक सप्टेंबरातच झाली. पूर्वतयारीच्या वर्गांची विभागणी तोंडी मुलाखतीने होत असे. ल्युद्मिला पाव्लोव्हना या ज्येष्ठ शिक्षिकेने विचारले, प्रवास कसा झाला. सिद्धीने विमानात शेजारी बसलेल्या घोरणाऱ्या माणसाची अशी काही नक्कल केली की, तीनही परीक्षक पोट धरून हसले, आणि तिला सर्वांत वरच्या तुकडीत बसविण्यात आले. त्या तुकडीत मंगोलिया आणि ताजिकिस्तान येथून आलेली मुले होती. त्यांचे बोलणे सिद्धीइतके सफाईदार नव्हते. परंतु ती मुले शाळेपासून रशियन वाचीत आणि लिहीत आली होती. सिद्धीला छापील अक्षरे लावता येत, तीही दुकानांच्या पाट्या आणि खाद्यपदार्थांची कार्डे यांपुरती. फळ्यावर शिक्षिकेने भराभर लिहिलेली जोडलेली अक्षरे तिला ओहोटीनंतर वाळूवर राहणाऱ्या रेघांसारखी दिसली. कोठे एक संपते आणि दुसरे सुरू होते, हे तिला कळेना. तिने पहिल्या दिवशी शेजारणीचे पाहून उतरविले. दुसऱ्या दिवशीही.

अश्विनीला एक अक्षर येत नव्हते, म्हणून तिला सर्वांत खालच्या तुकडीत घातले गेले, आणि तेथे तिला ग म भ न पासून शिकविण्यात आले.

ऑक्टोबरात सिद्धी धीर करून ल्युद्मिला पाव्लोव्हनांच्या मेजापाशी गेली. तिने सांगितले की, आपल्याला लिहिता येत नाही. खालच्या वर्गात पाठवावे. परंतु हे तिने इतक्या ओघवत्या, इतक्या गोड रशियनमध्ये सांगितले की, बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे कौतुकाने पाहिले.

"अज्ञान इतक्या चांगल्या भाषेत कबूल करणारी विद्यार्थिनी मला आजवर भेटली नव्हती," त्या म्हणाल्या. "तू आळशी आहेस, मुली. बोलणं फुकट मिळालं, म्हणून लिहिण्याचे कष्ट नकोत. जा, बस जागेवर."

माणसाला पाण्यात बुडताना ओरडता येते, हा त्याचा बचाव असतो. सिद्धीचा बचावच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. ती जितके नीट समजावून सांगू लागली, तितका तिच्यावरचा अविश्वास वाढत गेला. शेवटी ती हसली, "बरोबर आहे तुमचं," असे म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. न रुचणारी गोष्ट रेटण्याचे शिक्षण तिला कोणी दिलेच नव्हते.

डिसेंबरच्या सत्रपरीक्षेत श्रुतलेखनाचा तिचा कागद लाल शाईने भरून परत आला. इतर भागांत गुण होते. पण लेखनात उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढे जाता येत नसे. फेरपरीक्षा जानेवारीच्या अखेरीस, एकदाच. तीत नापास झाल्यास नाव कमी होणार, नाव कमी झाल्यावर व्हिसा जाणार आणि मांद्र्याला परत. तिने घरी कळविले: परीक्षा छान झाली. मग दर फोनला त्या वाक्याला शोभेल असे दुसरे वाक्य रचावे लागले.

डिसेंबरच्या उरलेल्या दिवसांत तिचे जेवण कमी झाले. अंथरुणातून उठावेसे वाटत नसे. बाहेर दुपारीच दिवे लागत. एकदा ती गोठलेल्या कामा नदीच्या काठी इतका वेळ उभी राहिली की, एका अनोळखी म्हातारीने तिला दंडाला धरून बसथांब्यावर आणून सोडले. हे कळले तेव्हा अश्विनीने तिला आधी शिव्या घातल्या, मग कुळीथाची पिठी करून वाढली, आणि ताट उचलल्यावर आपले पहिल्या इयत्तेचे पुस्तक तिच्यापुढे आपटले.

"बस. ह्यां अक्षर लिही."

"माका लाज वाटता."

"लाज? मंडपात शाल घेताना खंय गेल्ली ती? लिही. खालसून वयर, मगे आकडो."

"माका वाक्यां कळतत गो सगळी. कानाक कळतत. हात चलना."

"मग हाताक शिकय. माझो बापूस खाणीत डंपर चलयी. खाण बंद पडली तेव्हा चाळिशीत रिक्षा शिकलो. तू काय मोठी लागून गेलस?"

अश्विनीने तिला दररोज दुपारी बसविले. सिद्धीचा हात हळूहळू वळू लागला. रेघांतून अक्षरे सुटी झाली, अक्षरांतून शब्द. घरून मधूनमधून फोन येतच असत. शेजारच्या घरी आलेल्या पाहुणीला नारळपाणी कसे फोडतात ते सांग. सदाशिवमामाच्या खानावळीतला गिऱ्हाईक रागावला आहे, त्याची समजूत घाल. सिद्धी पेन्सिल बाजूला ठेवून समजूत घाली आणि पुन्हा पेन्सिल उचली. मधेच व्हेरा फोनवर येई, तिला 'आमची मुलगी' म्हणे आणि पायांत लोकरीचे मोजे घातलेस का, असे विचारी. जानेवारी सरत आला तेव्हा अश्विनीने सांगितलेला पानभर मजकूर ती चारदोन चुकांनी उतरवू लागली.

"पास जातलंस," अश्विनी म्हणाली. तिच्या तोंडून हे मोठेच प्रशस्तिपत्र होते.

फेरपरीक्षेच्या सकाळी वर्गाच्या दाराशी एक मेज मांडले होते. विद्यार्थ्यांनी आपापले फोन बंद करून त्यावर ठेवायचे आणि आत जायचे. नियम एकच होता, पण कडक होता: श्रुतलेखन सुरू झाले की दार बंद, मग कोणी आत येणार नाही. पेर्मच्या आणि मांद्र्याच्या घड्याळांत अर्ध्या तासाचाच फरक आहे, त्यामुळे तिकडेही सकाळच होती. सिद्धीने फोन बंद करण्यासाठी हातात घेतला आणि तो वाजू लागला.

"सिद्धी." आईचा आवाज खाली गेलेला होता. "मी इस्पितळात आसंय. तो आमचो ओलेग. दर्यार चलूक गेल्लो, थंयच पडलो. रिक्षेन हाडलो. डॉक्टर म्हणता, गेलो."

"गेलो म्हणजे?"

"गेलो गो. आनी तिका कळना. ती सगळ्यांक धरून विचारता आनी कोणाक काय सांगूक येना. तुझे बाबा मोप्यार. तू सांग तिका."

सिद्धी भिंतीला टेकली. वर्गात बाकांचा आवाज होत होता. "आई, सदाशिवमामाक बोलय."

"सदाशिव? तो मासळीचे भाव सांगात. ह्यां तेच्यान सांगूक जावचां नाय. आनी ती तुझांच नाव घेता, सिद्धी, सिद्धी करून." मग आईला आठवले. "तुझो वर्ग-बिर्ग नाय मगे? परीक्षा-बिरीक्षा?"

उत्तर देण्यास तिला वेळ लागला असे आईला वाटले नसावे.

"नाय," सिद्धी म्हणाली. "मी रिकामीच आसंय."

ल्युद्मिला पाव्लोव्हना दारात आल्या होत्या. "शेटगांवकर, फोन ठेव. मी दार लावते आहे."

"बाई, आमच्या घरी राहणारे एक गृहस्थ वारले. त्यांच्या बायकोला सांगायचंय. ती रशियन आहे. मला थोडा वेळ द्या."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. सिद्धीचे वाक्य नेहमीसारखे निर्दोष होते, स्वर नेहमीसारखा मधुर. सप्टेंबरपासून उशीर, राहिलेला गृहपाठ, हरवलेली वही या सर्वांसाठी अशीच निर्दोष वाक्ये त्यांनी ऐकली होती.

"तुझ्या गोष्टी सुंदर असतात," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "आत येतेस की नाही?"

फोनमध्ये दूर कोणीतरी रशियनमध्ये तेच तेच विचारीत होते: मला आत का सोडत नाहीत, मला आत का सोडत नाहीत.

"नाही," सिद्धी म्हणाली.

दार लागले. पलीकडून फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली. प्रथम डॉक्टरीणबाई बोलल्या, शांत मराठीत. "तुम्ही मुलगी ना यांची? ऐका. आणले तेव्हाच नाडी नव्हती. आम्ही पुष्कळ वेळ प्रयत्न केला. हृदयाचा झटका. त्यांना स्पष्ट सांगा. आशा ठेवू नका."

मग व्हेरा. "सिद्धी, आमची मुलगी. हे लोक मला काहीच सांगत नाहीत. तुझी आई नुसता माझा हात धरून बसली आहे. तो कसा आहे?"

एक वाक्य सिद्धीच्या जिभेवर तयार होते. डॉक्टर प्रयत्न करीत आहेत, तुम्ही पाणी घ्या, सगळे ठीक होईल. ते तिला शोधावे लागले नाही. आयुष्यभराच्या सरावाने ते आपोआप उभे राहिले होते, त्याचा उच्चारही बिनचूक झाला असता. तिने ते गिळले. त्यानंतर जी पोकळी राहिली, तीत तिला रशियन सापडेना. जणू तिला ती भाषा कधी आलीच नव्हती.

"व्हेरा," ती म्हणाली. "ओलेग वारले."

"नाही."

"वारले. इस्पितळात आणलं तेव्हाच नाडी नव्हती. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ प्रयत्न केला. त्यांचं हृदय थांबलं."

"तू चुकीचं ऐकलंस. विचार पुन्हा."

"मी नीट ऐकलं. ते वारले, व्हेरा."

ती आपल्या आवाजात कोठेही हसू येऊ देत नव्हती, आणि हे इतके कठीण असते हे तिला ठाऊक नव्हते. पलीकडून एक आवाज आला, जो कोणत्याच भाषेत नव्हता. भाग्यलक्ष्मी "बस, बाये, हंयसर बस" असे मालवणीत म्हणत असलेली ऐकू आली. सिद्धी मार्गिकेच्या फरशीवर बसली. फरशी थंड होती.

बऱ्याच वेळाने व्हेरा म्हणाली, "त्यांना सांग, त्याला डाव्या कुशीवर वळवा. उताणं झोपवलं तर त्याला झोप येत नाही."

सिद्धीने ते डॉक्टरीणबाईंना मराठीत सांगितले. त्या म्हणाल्या, "हो. सांगते मी. वळवतो."

"वळवतात," सिद्धीने व्हेराला सांगितले.

दारापलीकडे श्रुतलेखन चालू झाले होते. ल्युद्मिला पाव्लोव्हना सावकाश, प्रत्येक तुकडा दोनदा, वाचीत होत्या. वसंतात नदीवरचे बर्फ कसे फुटते याचे वर्णन होते. सिद्धीला एकूण एक शब्द कळत होता, आणि तो कसा लिहायचा हेही, बहुतेक, आता कळत होते. कानाशी व्हेरा तिला इस्पितळात आलेल्या पोलिसाने विचारलेले प्रश्न पुन्हा विचारावयास लावीत होती, कारण तिच्या मनात काही टिकत नव्हते. वय, पूर्वीचा आजार, मुले. मुलगा एक, त्याच्याशी पुष्कळ वर्षे बोलणे नाही. सिद्धीने हेही तसेच सांगितले. "बोलणे नाही" याऐवजी "दूर असतो" म्हणणे सोपे होते. तिने तसे म्हटले नाही. पासपोर्ट खोलीत उशीखाली आहे. प्रेत शवागारात ठेवावे लागेल, वकिलातीचा कागद येईपर्यंत. शवागार या शब्दाला रशियनमध्ये काय म्हणतात, हे सिद्धीला माहीत नव्हते.

"जिथं मेलेल्या माणसांना थंड ठेवतात, ती खोली," ती म्हणाली.

"समजलं," व्हेरा म्हणाली.

वर्गाचे दार उघडले. मुले बाहेर आली, त्यांनी मेजावरून फोन उचलले, आणि फरशीवर बसलेल्या सिद्धीला वळसा घालून ती जिन्याकडे गेली. सर्वांमागून ल्युद्मिला पाव्लोव्हना आल्या, काखेत उत्तरपत्रिका. त्या दाराशी थांबल्या. सिद्धी फोनवर सांगत होती की, होय, अंगठी काढून तुमच्याच हातात देतील. नाही, आज विमान नाही. नाही, त्यांना वेदना झाल्या की नाही हे डॉक्टरांना सांगता येत नाही. बाई ऐकत उभ्या राहिल्या. सिद्धीने वर पाहिले नाही. थोड्या वेळाने बाईंच्या पावलांचा आवाज मार्गिकेच्या टोकाला गेला. मार्गिका रिकामी झाली.

"सिद्धी," आई म्हणाली, "तिका सांग, मी तिका सोडून खंय जावचंय नाय. रातीक मी तिच्या खोलयेत निजतलंय. सांग."

सिद्धीने सांगितले. व्हेरा हळू आवाजात एक वाक्य बोलली. सिद्धीने ते ऐकून घेतले.

"कितां म्हणता ती?" भाग्यलक्ष्मीने विचारले.

"म्हणता, तुझे हात थंड पडल्यात," सिद्धी म्हणाली. "म्हणता, आंगार कायतरी घे."